घोड्याला बिस्कीट भरवताय? थांबा, त्याला उलटी करता येत नाही!

माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी लावली की पुढे चालत जायचं, अमन लॉजहून सुटणारी छोटी ट्रेन पकडायची, ई-रिक्षा बघायची, नाहीतर घोड्यावर बसायचं. लहान मुलं बरोबर असली की बहुतेक वेळा घोडाच जिंकतो. बाजारपेठेत उतरलं की पुढचं दृश्यही ठरलेलं. पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा, आईच्या किंवा बाबांच्या हातात मोबाइल. घोडा ओठ पुढे काढून अलगद बिस्कीट उचलतो, पोरगं किंचाळून हसतं आणि पंधरा सेकंदांची रील तयार होते.

रील गोडच असते. भरवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं आणि घोड्यालाही ते बिस्कीट मनापासून आवडलेलं असतं. अडचण पुढे आहे. माणसाला एखादी गोष्ट बाधली तर तो ओकून मोकळा होतो. कुत्र्या-मांजरांचंही तसंच. घोड्याला मात्र ही सोय नाही. एकदा गिळलं की ते पोटात गेलं, आणि तिथून बाहेर यायला एकच रस्ता उरतो, तोही जवळपास तीस मीटर लांबीचा.

गवत खातो म्हणजे गाईसारखाच, नाही का?

नाही. गोंधळाची सुरुवात इथेच होते. आपल्याकडे शिळी पोळी, उरलेला भात गाईच्या पुढे ठेवायची जुनी सवय. (लग्नघरातला ढीगभर भात खाऊन गाईसुद्धा आजारी पडतात, पण तो विषय वेगळा.) घोडाही गवतच खातो, म्हणून त्याचं पोटही तसंच असेल असं आपण धरून चालतो.

गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात. गाय जे खाते ते आधी त्यांच्या हवाली होतं आणि नंतर पुढे सरकतं. घोड्याकडे सूक्ष्मजीवांची ही फौज असतेच, पण ती शेवटी, मोठ्या आतड्यात. आधी जठर, मग वीसेक मीटर लांब लहान आतडं आणि त्यानंतर सुमारे तीस लिटर मावतील एवढी मोठ्या आतड्याची पिशवी. गवतातल्या चिवट तंतूंचं खरं पचन या पिशवीत आणि त्यापुढच्या भागात होतं. घोड्याला ताकदही मुख्यतः तिथूनच मिळते.

एवढ्या मोठ्या जनावराच्या मानाने जठर फारच छोटं असतं, साधारण आठ ते पंधरा लिटरचं. कारण घोडा एका बैठकीत पोटभर जेवणारा प्राणीच नाही. मोकळा सोडला तर तो दिवसातले सोळा-सतरा तास थोडं थोडं चरत राहतो. त्याचं पित्तही सतत झिरपत असतं. ते साठवायला त्याच्याकडे पित्ताशय नाही. जठरातलं आम्लही असंच चोवीस तास तयार होतं, पोटात काही असो वा नसो. या आम्लाला आवर घालते ती लाळ, आणि घोड्याची लाळ सुटते फक्त चावताना. एक किलो वाळलेलं गवत खायला घोडा तीन-साडेतीन हजार वेळा चावतो. एक किलो दाण्याला हजाराच्या आसपास. आणि बिस्कीट? ते तर दोन चाव्यांत विरघळून जातं.

आता उलटीचं. अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथे घोड्याला स्नायूंची एक जबरदस्त घट्ट झडप असते. शिवाय अन्ननलिका जठरात तिरपी शिरते. त्यामुळे जठर जितकं फुगेल तितकी ही वाट जास्त आवळली जाते. आत वायू साठला, द्रव साठला, तरी तो वर येत नाही. फारच ताण आला तर जठर फाटू शकतं, आणि मग घोडा वाचत नाही. म्हणूनच पोट दुखणाऱ्या घोड्याला तपासताना पशुवैद्यक बऱ्याचदा त्याच्या नाकपुडीतून लांब नळी थेट जठरापर्यंत उतरवतात. उलटीचं काम त्या नळीकडून करून घ्यावं लागतं.

पोटशूळ म्हणजे काय?

घोडा पाळणाऱ्या कुणालाही सर्वांत जास्त भीती कशाची वाटते असं विचारलं, तर उत्तर बहुधा एकच येईल: पोटशूळ. पशुवैद्यक त्याला कॉलिक म्हणतात. हा एक रोग नाही. पोटदुखीच्या अनेक कारणांना मिळून दिलेलं ते नाव आहे. पाणी कमी पडणं, जंत, झिजलेले दात, चाऱ्यात अचानक झालेला बदल, चाऱ्याबरोबर पोटात गेलेली वाळू, आतड्याला पडलेला पीळ यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. पर्यटकांच्या खाऊवर सगळं खापर फोडणं बरोबर नाही. पण मैदा, साखर आणि पिठूळ पदार्थ एकदम जास्त पोटात जाणं हेही त्या यादीतलंच एक कारण आहे.

होतं असं, की साखर आणि पिष्ट पचवायचं काम लहान आतड्याचं. पण त्याची क्षमता मर्यादित आहे. जास्तीचा माल आला की तो न पचता तसाच मोठ्या आतड्यात घसरतो. तिथल्या सूक्ष्मजीवांना गवताच्या तंतूंची सवय. आयता मैदा मिळाला की त्यांच्यातल्या काही जाती झपाट्याने वाढतात, लॅक्टिक आम्ल आणि वायू तयार करतात. आम्ल वाढलं की तंतू पचवणारे उपयोगी जीवाणू मरायला लागतात, आणि मरताना त्यांच्यातली विषारी द्रव्यं रक्तात उतरतात.

याचा फटका पोटाला बसतोच, पण तो पायालाही बसतो, हे अनेकांना माहीत नसतं. घोड्याच्या खुराच्या आत एक हाड असतं. ते खुराच्या भिंतीला हजारो बारीक पापुद्र्यांनी जणू टांगलेलं असतं. शरीरात असा बिघाड झाला की या पापुद्र्यांना सूज येते आणि त्यांची पकड सुटायला लागते. याला लॅमिनायटिस म्हणतात. दुखणं इतकं असतं, की घोडा वजन मागच्या पायांवर टाकून पुढचे पाय लांब करून उभा राहतो, एक पाऊल टाकायलाही तयार नसतो. प्रकरण वाढलं तर आतलं हाड फिरून तळव्याकडे खाली सरकतं. ज्याचं पोट पायांवर चालतं आणि ज्याच्या पायांवर एका घराचं पोट चालतं, अशा घोड्यासाठी याहून वाईट बातमी नाही.

माथेरानमध्ये घोडे सांभाळून त्यावर गुजराण करणाऱ्यांना अश्वपाल म्हणतात. पावसाळ्याचे महिने मंदीचे, मग दिवाळी, नाताळ, मे महिन्याची सुट्टी आणि लागून आलेले शनिवार-रविवार यांवर वर्षाचं गणित. ऐन हंगामात घोडा आठवडाभर बसला तर फेऱ्यांचे पैसे जातात, औषधपाण्याचा खर्च येतो आणि घोड्याचा चारा मात्र चालूच राहतो. आतड्याला पीळ पडला असेल तर शस्त्रक्रियेशिवाय इलाज नसतो. अख्ख्या घोड्याला भूल देऊन शस्त्रक्रिया करायची तर तेवढी सोय असलेलं ठिकाण लागतं आणि तिथवर घोडा पोहोचवावा लागतो. ज्या डोंगरावर वाहनांना बंदी आहे, तिथे हे किती अवघड असेल याचा अंदाज करता येईल.

पण एका बिस्किटाने असं काय होणार?

खरं सांगायचं तर, एका बिस्किटाने काही होत नाही. धडधाकट घोड्याने एक बिस्कीट खाल्लं, साखरेचा एक खडा चघळला, तर तो मरत नाही. ‘घोड्याला साखर म्हणजे विष’ छापाचे जे मेसेज फिरतात ते अतिशयोक्तीचे असतात. साखरेचा एक खडा चारेक ग्रॅमचा, आणि घोडा तीन-चारशे किलोचा. गूळ तर अनेक घोडेवाले स्वतःच थोडा थोडा देतात.

प्रश्न एका बिस्किटाचा नसून गर्दीचा आहे. समजा, एका घोड्याच्या शनिवारी आठ फेऱ्या झाल्या. प्रत्येक कुटुंबाने ‘एवढंसंच’ म्हणून अर्धा पुडा भरवला. संध्याकाळपर्यंत चार पुडे झाले. मधल्या वेळेत कुणी पावाचा तुकडा दिला, कुणी चिक्की, कुणी वेफर्स. रविवारी पुन्हा तेच. आठही कुटुंबांना वाटतं आपण चिमूटभरच दिलं, आणि त्यांचं खरंही असतं. फक्त बेरीज कुणालाच दिसत नाही. दिसते ती एकाच माणसाला: घोड्याची दोरी धरून शेजारी उभ्या असलेल्या घोडेवाल्याला. तो मात्र बऱ्याचदा गिऱ्हाईक दुखावेल म्हणून गप्प बसतो. विचारायचं त्यालाच, आणि भरवायच्या आधी विचारायचं, ते एवढ्यासाठी.

शिवाय कोणता घोडा म्हातारा आहे, कुणाच्या दाढा झिजल्यात, कुणाला मागे खुराचं दुखणं झालं होतं, हे त्यालाच ठाऊक असतं. स्थूल घोड्यांना आणि ज्यांना एकदा लॅमिनायटिस होऊन गेलाय त्यांना गोड अजिबात नको. त्यांच्या बाबतीत ‘एकच खडा’ हा हिशेबही लागू होत नाही. बाहेरून बघून ते ओळखू येत नाही.

मग घोड्याला आवडतं काय?

घोड्याच्या रोजच्या दाण्याला मराठीत ‘चंदी’ म्हणतात. पूर्वीपासून आपल्याकडे चंदी म्हणजे हरभरा, हुलगे, कोंडा असा ऐवज. कुळथाला इंग्रजीत पडलेलं नावही घोड्यावरूनच आलेलं आहे. चंदी भरलेली पिशवी घोड्याच्या तोंडाला बांधतात, तो ‘तोबरा’. आपण ‘तोंडात तोबरा भरला’ म्हणतो ते इथूनच. उत्तर भारतात वरात निघण्याआधी नवरदेवाच्या बहिणी घोडीला भिजवलेली चण्याची डाळ भरवतात, तीही याच परंपरेतली.

पण चंदी ही वरची भर. मुख्य जेवण गवत आणि वैरण. दिवसभरात घोड्याला त्याच्या वजनाच्या दीड ते अडीच टक्के कोरडा आहार लागतो. म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्याला पाच ते नऊ किलो, आणि त्यातला बराचसा वाटा गवताचाच असायला हवा.

चवीच्या बाबतीत मात्र एक गंमत आहे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी घोड्यांसमोर १५ वेगवेगळ्या चवींचं खाद्य ठेवून बघितलं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिला नंबर आला मेथीचा! दुसरं केळं. आणि ज्या गाजराला आपण घोड्याचा हक्काचा खाऊ समजतो, ते जिऱ्याच्याही मागे राहिलं. चार-दोन घोड्यांच्या पसंतीवरून सगळ्या घोडेजातीचा कल ठरत नाही हे खरं, पण मेथीची ही बातमी मराठी घरात सांगण्यासारखी आहे.

परवानगी मिळालीच, तर गाजर, सफरचंदाची फोड, केळ्याचा तुकडा यांतलं काहीतरी थोडंसं. एका घोड्याला एक-दोन गाजरं पुष्कळ झाली. गाजर गोल चकत्यांमध्ये कापायचं नाही. ती चकती अन्ननलिकेत बुचासारखी बसू शकते. उभ्या, लांब फोडी करायच्या. अख्खं छोटं सफरचंदही देऊ नये.

काय अजिबात देऊ नये?

पाव, वडापाव, बिस्किटं, केक, चिक्की, वेफर्स हे तर आलंच. महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवायला हवं: मक्याचं कणीस. दाणे खाऊन उरलेलं बुरकुंड घोड्यापुढे टाकायचा मोह होतो, पण ते अन्ननलिकेत किंवा आतड्यात अडकू शकतं. मक्याच्या कच्च्या दाण्यातलं पिष्टही घोड्याच्या लहान आतड्यात नीट पचत नाही. कांदा (म्हणजे कांदाभजीही), बटाटा, कोबी नको. कांद्याने घोड्याच्या तांबड्या पेशी फुटतात, कोबीने वायू धरतो.

बंगल्याच्या आवारातलं कापलेलं गवत ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून घोड्यापुढे टाकणारेही असतात. ढीग करून ठेवलेलं ओलं गवत काही तासांतच आंबायला लागतं. त्यात कुंपणाच्या कण्हेरीची पानं मिसळलेली असली तर मग विचारूच नका. कण्हेर घोड्यासाठी अत्यंत विषारी आहे आणि थोडी पानंही जीव घेऊ शकतात.

चॉकलेटही बाद. त्यातलं थिओब्रोमाइन हे द्रव्य शर्यतीच्या घोड्यांसाठी बंदी असलेल्यांपैकी आहे. शर्यतीच्या जगात खाऊवर किती कडक नजर असते त्याचं एक उदाहरण थेट ब्रिटनच्या राजघराण्यातलं. राणी एलिझाबेथ यांच्या ‘एस्टिमेट’ या घोडीने २०१३ मध्ये रॉयल अ‍ॅस्कॉटचा गोल्ड कप जिंकला. २०१४ मध्ये ती दुसरी आली, पण चाचणीत तिच्या शरीरात मॉर्फिन सापडलं. कुणी दिलं होतं? कुणीच नाही. तिच्या खाद्यात खसखशीच्या झाडाचा अंश मिसळला गेला होता. राणीच्या घोडीचा दुसरा क्रमांक गेला तो गेलाच.

खाऊची सवय लागली की...

तब्येतीइतकाच मोठा प्रश्न वागणुकीचा. घोड्याची स्मरणशक्ती दांडगी असते. कोणत्या माणसाच्या कोणत्या खिशातून काय निघालं होतं, हे तो विसरत नाही. अनोळखी माणसांकडून सतत खाऊ मिळाला की तो प्रत्येक हात, प्रत्येक पिशवी हुंगायला लागतो. मग ढुशी देतो, मग चावा काढतो. आणि चावणारा घोडा म्हटला की त्याच्यावर मुलांना बसवायला कोण तयार होणार?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असॅटीग नावाचं बेट आहे. तिथले रानटी घोडे बघायला गर्दी लोटते. त्यांना खायला घालायला बंदी आहे, तरी लोक घालतात. तिथला ‘चिप’ या लाडक्या नावाने ओळखला जाणारा एक घोडा पर्यटकांच्या तंबूंतलं खाणं पळवायला इतका सोकावला, की माणसं आडवी आली तर अंगावर जायला लागला. शेवटी २०२२ मध्ये त्याला बेटावरून हलवून टेक्सासमधल्या प्राणी-आश्रयस्थानात पाठवावं लागलं. त्याचा कळप, त्याचं बेट सुटलं. इंग्लंडच्या न्यू फॉरेस्ट भागात मोकळे फिरणारे पोनी असेच गाड्यांच्या आशेने रस्त्यावर येऊन उभे राहायचे. तिथे जुलै २०२३ पासून घोड्यांना, पोनींना, गाढवांना खाऊ घालणं आणि गोंजारणंसुद्धा बंद आहे. नियम मोडला तर जागेवर १०० पौंडांपर्यंत दंड, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर १,००० पौंडांपर्यंत.

याचा अर्थ खाऊ देऊन घोडा बिघडतोच असं नाही. घोड्यांना शिकवणारे अनेक जण खाऊचाच वापर करतात. फक्त ते सांगितलेलं काम नीट झाल्यावर, त्याच क्षणी, ठरलेल्या माणसाच्या हातून देतात. घोड्याला कळतं की काम केलं म्हणून मिळालं. सेल्फीसाठी दिलेल्या बिस्किटातून तो शिकतो ते एवढंच, की पिशवी ओढली की मिळतं.

भरवायचंच असेल तर कसं?

आधी विचारायचं. ‘दादा, गाजर दिलं तर चालेल का?’ एवढं पुरतं. ‘नको’ म्हणाले तर नको. लगाम चढवलेला असेल तर तोंडातल्या कडीमुळे घोड्याला नीट चावता येत नाही, म्हणून फेरी संपून लगाम काढल्यावर दिलेलं बरं. ओळीने बांधलेल्या घोड्यांपैकी एकालाच द्यायला जाऊ नका. शेजारचा हक्क सांगायला येतो आणि दोघांच्या भांडणात लाथ तुम्हाला बसते.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण नेमकं स्वतःच्या तोंडाखालचं दिसत नाही. तुमच्या हातातलं गाजर कुठे संपतं आणि बोट कुठे सुरू होतं, हे तो ओठांनी आणि तोंडावरच्या राठ केसांनी चाचपून ठरवतो. म्हणून खाऊ बोटांच्या चिमटीत धरायचा नाही. तळहात पूर्ण सपाट उघडायचा, बोटं जुळवून, अंगठाही बोटांना चिकटवून, आणि खाऊ मधोमध ठेवायचा. समोरून किंवा मागून न जाता खांद्याच्या बाजूने जायचं. ओठ लागले की गुदगुल्या होतात आणि मुलं हात झटकन मागे घेतात. तो झटकाच घोड्याला बिचकवतो. लहान मुलाच्या हाताखाली मोठ्या माणसाने आपला तळहात धरावा.

खाता खाता घोडा मान लांब करून खोकायला लागला, नाकातून लाळ आणि चाऱ्याचा चोथा यायला लागला, तर घास अन्ननलिकेत अडकलाय. श्वास चालू असतो, त्यामुळे घाबरून तोंडात पाणी ओतू नका. ते फुप्फुसात जाऊ शकतं. घोडेवाल्याला सांगा, खाणं-पाणी थांबवायला लावा आणि पशुवैद्यकाला बोलवा. घोडा पुन्हा पुन्हा पोटाकडे वळून बघत असेल, पुढच्या पायाने जमीन उकरत असेल, घामाघूम होऊन लोळत असेल, तरीही तेच. आणि तुम्ही त्याला काय दिलं होतं, ते न लपवता सांगा. पशुवैद्यक पहिल्यांदा हेच विचारणार असतात.

सगळं नीट पार पडलं आणि गाजर संपलं, तर दोन्ही तळवे उघडून त्याच्यासमोर धरा. घोडा एकदा हुंगतो, काही उरलं नाही हे बघतो आणि मान वळवतो.